चोवीस गुरू, चोवीस तास

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो,

घरात कोणी पिणारा असला की आपण दोन गोष्टी करतो. बाहेर लपवतो आणि घरात शपथ घालतो. मी दोन्ही केलं, म्हणून हे लिहितोय.

मी सांगलीला बँकेत, धाकटा भाऊ साताऱ्याला. त्याची उधारी मी परस्पर भागवली. ‘त्याला ताप आहे’ असे त्याच्या साहेबांना फोन केले. शेवटी एका गुरुवारी त्याला औदुंबरला नेलं. कृष्णामाईत स्नान झालं आणि पादुकांसमोर आयुष्यभराची शपथ घ्यायला लावली. मी निश्चिंत झालो.

तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले, भास होऊ लागले, मग फिट आली. डॉक्टर म्हणाले, रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केलं तर असं होतं, प्रसंगी जीवही जातो. सोडताना औषधं आणि देखरेख लागते. शपथ मोडली तर देव शिक्षा करतो असं मी समजत होतो. इथे तो शपथ पाळताना मरायला टेकला होता!

तो वाचला. चार महिन्यांनी पुन्हा प्यायला. मी म्हणालो, “दत्ताच्या दारात खोटं बोललास, आता माझ्या दारात येऊ नकोस.”

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत पृथ्वी आहे, समुद्र आहे, तसा दिव्यावर झेपावणारा पतंग आणि गळाला लागलेला मासाही आहे. मोहात सापडलेल्यांनाही अवधूतानं गुरू मानलं. मी मात्र सख्ख्या भावाला दारात उभं केलं नाही.

त्याला उपचाराला नेलं ते माझ्या भावजयीनं. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकारानं उभी राहिलेली ‘परिवर्तन’ संस्था व्यसनमुक्तीचं काम करते. पुण्यात अवचट दांपत्यानं १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केलं. दाभोलकरांचे आणि आपले देवाविषयीचे विचार जुळणारे नव्हते. पण ज्याच्याकडून शिकावं तो गुरू, हे आपल्याला दत्तमहाराजांनीच सांगितलंय ना?

उपचारानंतर भाऊ अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला जाऊ लागला. १९३५ साली अमेरिकेत दारूनं गांजलेला एक शेअर दलाल आणि तसाच एक डॉक्टर एकमेकांना सावरायला बसले, त्यातून ही चळवळ निघाली. तिथे जन्माची शपथ नाही. फक्त आजचे चोवीस तास प्यायचं नाही. उद्याचं उद्या.

मला हे लगेच पटलं. बँकेत आम्ही रोजची रोकड रोजच जुळवायचो. आपल्या नित्यपूजेचं तरी काय वेगळं आहे? कालच्या पूजेवर आजचं भागत नाही.

म्हणून हात जोडून सांगणं एवढंच. शपथ घालण्याआधी डॉक्टर गाठा. उधारी भागवू नका, आजार लपवू नका. सावरलेला माणूस घसरला तर त्याला पुन्हा उपचाराला न्या, दार लावू नका.

मार्गशीर्ष पौर्णिमेला भाऊ आता दरवर्षी औदुंबरला येतो. मागच्या जयंतीला सुंठवडा हातावर घेताना मी विचारलं, “किती वर्षं झाली रे सोडून?”

तो म्हणाला, “दादा, आजचा दिवस झाला.”

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!