सोनं खरं, नाणं खोटं

ब्रिटिश सॉव्हरिन म्हणजे 7.98 ग्रॅम, 22 कॅरेट. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलानमध्ये एकाने ही नाणी गुपचूप पाडली, सोनं पूर्ण घालून. काटा आणि कसोटीचा दगड, दोन्हींवर ती खरी उतरतात. मग खोटं काय?

त्याचा नफा बघा. लोक सॉव्हरिनला नुसत्या सोन्यापेक्षा जास्त भाव देत. तो वरचा भाव छापावरच्या विश्वासाचा. चोरी त्या विश्वासाची झाली.

1950 च्या दशकात स्विस न्यायालयाने हा नकली चलनाचा गुन्हा मानला नाही. सॉव्हरिन चलनात उरलंच नव्हतं. कायद्याचं उत्तर मिळालं, आपला प्रश्न उरतो.

सॉफ्टवेअरमध्ये फाइल बिनचूक असली, तरी डिजिटल सही बनावट निघाली की आम्ही ती नाकारतो. आज आत काय आहे, एवढाच प्रश्न नसतो. उद्या न तपासता कोणाच्या शब्दावर घ्यायचं, हाही असतो.