जिना कोणाचा?



६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगाव पश्चिमेला जय भवानी या इमारतीला आग लागली. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली ही इमारत. आग कोणाच्या स्वयंपाकघरात लागली नव्हती. ती भडकली तळाशी, जिथे वाहने उभी होती आणि जुन्या कपड्यांचा साठा होता. माणसे वर आपापल्या घरांत झोपली होती. धूर वर चढला आणि किमान ७ जणांचे प्राण गेले.

अशा वेळी आपण विचारतो, चूक कोणाची? तपास करणाऱ्यांनी तो प्रश्न जरूर विचारावा. आपल्याला मात्र आणखी एक प्रश्न, आग लागण्याआधीच, स्वतःला विचारायचा आहे : ज्याने काहीच केले नाही, तो निर्दोष असतो काय?

मोशेच्या नियमशास्त्रात याविषयी दोन नियम आहेत. निर्गम ग्रंथाचा २२ वा अध्याय सांगतो, की एखाद्याने पेटवलेली आग पसरून दुसऱ्याचे धान्य जळाले, तर पेटवणाऱ्याने भरपाई द्यावी. हा नियम नुकसान झाल्यानंतरचा. अनुवाद ग्रंथाच्या २२ व्या अध्यायातला नियम त्याही अलीकडचा विचार करतो. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा घालावा; तो न घातल्यामुळे कोणी पडून मेला, तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. येथे कोणी कोणाला ढकललेले नाही, तरीही दोष आहे. संत थॉमस अक्वायनस हलगर्जीपणाला विवेक या सद्गुणाविरुद्धचे पाप मानतात, ते याच अर्थाने. मिस्सेच्या आरंभी आपण छातीवर हात मारून पापांची कबुली देतो, तीत न केलेल्या गोष्टीही येतात.

आपल्या इमारतींचा कठडा म्हणजे मोकळा जिना, कुलूप नसलेले गच्चीचे दार आणि अडगळ नसलेली मीटरची जागा. चौथ्या मजल्यावरची गृहिणी रोज रात्री गॅसचा रेग्युलेटर आठवणीने बंद करते. तरी तिच्या मुलांचा जीव तळमजल्यावरच्या त्या मीटरवर अवलंबून असतो. आगीपासून एकट्याने सुरक्षित राहता येत नाही.

कोणी म्हणेल, “फादर, घर २२५ चौरस फुटांचे. सायकल आणि जुने कपाट ठेवायचे कुठे?” प्रश्न खरा आहे. जागा नसणे हे पाप नव्हे. पण म्हणूनच तो एका कुटुंबाचा प्रश्न राहत नाही. सोसायटीने नुसती नोटीस लावली, तर कपाट तिसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर जाते. सगळ्यांनी मिळून जागा शोधली, तर जिना मोकळा होतो. २००६ च्या राज्य कायद्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. ते आवश्यकच आहे. पण दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजीला कोण उठवणार, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. ते शेजाऱ्यांनीच ठरवावे लागते.

म्हणून लहान ख्रिस्ती समूहांच्या पुढील बैठकीत, प्रार्थनेनंतर, आपण तीन गोष्टी कराव्यात. आपल्या जिन्यावरून एकदा एकत्र खाली उतरावे आणि वाटेत काय आडवे येते ते पाहावे. आजारी व वृद्ध माणसांची जबाबदारी कोणी घ्यायची, ते नावानिशी ठरवावे. कढईतले तेल पेटल्यास पाणी न ओतता गॅस बंद करून झाकण ठेवायचे, आगीत लिफ्ट वापरायची नाही आणि १०१ क्रमांक फिरवायचा, हे मुलांनाही शिकवावे. या कामात हिंदू, मुस्लिम शेजाऱ्यांनाही बोलवावे; जिना त्यांचाही आहे. आणि नाताळात गव्हाणीच्या गवताजवळ दिव्यांची माळ वा मेणबत्ती रात्रभर जळत ठेवू नये.

काइनने देवालाच उलट विचारले होते, की भावाची राखण करणे हे माझे काम आहे का. आपल्या इमारतीत त्याचे उत्तर रोज जिन्यावर दिले जाते.

प्रभू आपल्या घरांचे आणि आपल्या शेजाऱ्यांच्या घरांचे रक्षण करो.

– आपले धर्मगुरू