तीत आला

आजचं वाचन : २ करिंथ १:३-११, २:१२-१३ आणि ७:५-७



आज एकाच पत्रातले तीन तुकडे दिलेत. वेगवेगळे वाचले तर त्यांच्यातून जाणारी एक गोष्ट निसटते, म्हणून एका बैठकीत वाचा. दहा मिनिटं लागतील.

पहिला तुकडा सांत्वनाबद्दल आहे. वचन ३ ते ७, फक्त पाच वचनं, आणि मूळ ग्रीकमध्ये सांत्वनाचा शब्द नाम आणि क्रियापद मिळून दहा वेळा येतो. (मोजून बघायची सवय आहे, काय करणार!) त्या शब्दाच्या मुळाशी 'जवळ बोलावणं' असा अर्थ आहे. योहान १४ मध्ये प्रभू येशू पवित्र आत्म्याबद्दल बोलतो, तिथला शब्दही त्याच कुळातला. आपल्या आजी-आजोबांच्या पवित्र शास्त्रात त्याला 'कैवारी' म्हटलंय. मला हा मराठी शब्द फार आवडतो. कैवार घेणारा लांबून समजूत घालत नाही. तो तुमच्या बाजूला येऊन उभा राहतो.

आता वचन ८. आशियात पौलावर असं काही संकट आलं की जगण्याचीही आशा सुटली. नेमकं काय झालं, ते तो सांगत नाही. आमच्या कामात सिस्टीम पडली की दुसऱ्या दिवशी रूट कॉजचा रिपोर्ट द्यावा लागतो. पौलाकडे तसला रिपोर्ट नाही. तो एवढंच म्हणतो की स्वतःवरचा भरवसा संपला आणि मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर सगळा भार टाकावा लागला.

दुसरा तुकडा तर दोनच वचनांचा, पण मी त्याच्यावर बराच वेळ थांबलो. पौल त्रोवसला आलाय. सुवार्तेसाठी दार उघडलेलं आहे, म्हणजे सेवेच्या दृष्टीने सगळं छान. तरी त्याच्या जिवाला चैन नाही. का? तर तीत तिथे भेटला नाही. करिंथच्या मंडळीशी बिनसलं होतं, पौलाने रडत रडत एक कडक पत्र लिहिलं होतं, आणि तिकडची खबर तीत आणणार होता. ना तीत, ना खबर. पौल चालू सेवा सोडतो आणि समुद्र ओलांडून मासेदोनियाला जातो.

विचार करा, हा पौल आहे. दर्शनं पाहिलेला, तुरुंगात मध्यरात्री स्तोत्रं गाणारा. त्याला कोणी म्हटलं नाही की 'भाऊ, तुमचा विश्वास कमी पडतोय, जरा जास्त प्रार्थना करा'. आपल्या ग्रुपवर असता तर नक्की कोणीतरी म्हटलं असतं, आणि सोबत यिर्मया २९:११ चा फोटो टाकला असता. (त्याच्या आधीचं, दहावं वचन कोणी फॉरवर्ड करत नाही. त्यात सत्तर वर्षं थांबा असं लिहिलंय.)

मासेदोनियात पोहोचल्यावरही हाल तेच. शरीराला विसावा नाही, बाहेरून विरोध, मनात धास्ती. आणि मग ७:६ मध्ये पौल लिहितो की खचलेल्यांचं सांत्वन करणाऱ्या देवाने आमचं सांत्वन केलं. कशाने? देवदूत नाही, दर्शन नाही. तीत आला. बस्स.

पुढचं वचन याहून भारी आहे. तीताला स्वतःला सांत्वन मिळालं होतं करिंथकरांकडून, ज्यांच्यामुळे पौलाची झोप उडाली होती त्यांच्याचकडून! म्हणजे त्यांच्याकडून तीताकडे, तीताकडून पौलाकडे, आणि आता या पत्रातून परत त्यांच्याकडे. पहिल्या अध्यायात तो जे म्हणतो, की मिळालेल्या सांत्वनाने आपण दुसऱ्याला सांत्वन द्यावं, ते तत्त्वज्ञान नव्हतं. नुकतंच घडलेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांची मीटिंग, आणि दुपारपर्यंत लॅपटॉप बंद. घराचा हप्ता चालू, मुलगी आठ महिन्यांची. त्या दिवसांत वचनं पाठवणारे खूप होते आणि त्यांच्यावर माझा राग नाही. पण यूथ ग्रुपमधला एक जुना मित्र दर बुधवारी ऑफिस सुटल्यावर गाडी काढून घरी यायचा. माझा रेझ्युमे उघडून बसायचा, दोन-तीन अर्ज सोबत भरायचे, बायकोने केलेली खिचडी खायची, निघताना दारात उभं राहून एका मिनिटाची प्रार्थना. असे चार महिने. 'देवाची काहीतरी योजना असेल' हे तो एकदाही म्हणाला नाही. मला बुधवारची वाट बघायची सवय लागली होती, आणि तीताची वाट बघणारा पौल मला तेव्हा कळला.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई घ्या. १८७० च्या दशकात उपासमारीने त्यांचे आईवडील गेले, मागोमाग मोठी बहीण. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. पदरात तान्ही मनोरमा. ख्रिस्तावर विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतला तो नंतर, १८८३ मध्ये. हे सगळं का झालं याचं उत्तर त्यांना मिळालं का, मला माहीत नाही. पण १८९७ च्या आसपास मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि उपाशी बाया-मुलींना घेऊन केडगावला आल्या. भूक काय असते हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढे १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी मराठी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या प्रभूकडे गेल्या.

तुमच्यापैकी कोणी आज पीजीच्या खोलीत एकटं बसून हे वाचत असेल. घरी फोनवर 'सगळं ठीक आहे' सांगून झालं असेल. पौलाने आपली धास्ती पत्रात लिहून अख्ख्या मंडळीला कळवली, तुम्ही एका माणसाला कळवा. आज रात्रीच. आणि ज्यांचं सध्या बरं चाललंय, त्यांनी कॉन्टॅक्ट लिस्ट खालपर्यंत सरकवून बघा, कोणाचा आवाज बरेच दिवस ऐकला नाही.

प्रार्थना करू या.

हे पित्या, तू खचलेल्यांना विसरत नाहीस. ज्यांना आज रात्री झोप नाही, त्यांच्या दारापर्यंत कोणाला तरी पाठव. आम्हाला पाठवायचं असेल तर आमची सबब ऐकू नकोस. आणि कोणी आलं तर दार उघडायचं बळ दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.