तळ्यावाचूनचे घर

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातील डी स्मेट या छोट्या गावी रेल्वेच्या भूमापकांसाठी बांधलेले एक लाकडी घर संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे. लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर (जन्म १८६७) यांच्या कुटुंबाने १८७९-८० चा हिवाळा त्यात काढला, आणि १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कादंबरीमुळे वाचकांच्या मनात ते सिल्व्हर लेकच्या काठीच उभे राहिले. प्रत्यक्षात ते तळ्याकाठून हलवून गावात आणलेले असल्याने, जागा बदलली आणि जीर्णोद्धारात फळ्याही बदलल्या तर घर तेच राहते काय, हा प्रश्न उरतो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन दाखवतात की चाक, आस वा दांडी यांपैकी काहीच रथ नव्हे आणि ‘रथ’ ही केवळ प्रज्ञप्ती, म्हणजे व्यवहारासाठी दिलेली संज्ञा, होय. न्यायदर्शन याउलट अवयवी, म्हणजे अवयवांहून वेगळी अशी समग्र वस्तू, खरी मानते. मात्र एक अवयव बदलताच जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो, असेही तेच सांगते, आणि हा काटेकोरपणा कोणत्याही संग्रहालयाला परवडणारा नाही! नागसेनांचे उत्तर अधिक सोयीचे दिसते, परंतु तेही निरुपद्रवी नाही, कारण १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतदारांना १६० एकरांपर्यंत जमीन देताना वापरलेली ‘सार्वजनिक भूमी’ ही संज्ञाही प्रज्ञप्तीच होती, आणि त्या गवताळ प्रदेशात डकोटा लोक पिढ्यान्‌पिढ्या वावरत आले होते.