कुंभाराचे गाढव आणि 6 जीबीची अट

नोव्हेंबर 2013 मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी: घोस्ट्स’ पीसीवर आला तो 6 जीबी रॅमची अट घेऊन. मेमरी कमी असेल तर गेम सुरूच होत नसे. त्याच महिन्यात प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन बाजारात उतरले होते. दोन्हींत 8 जीबी मेमरी होती, आधीच्या पिढीत ती जेमतेम 512 एमबी असे. त्यामुळे ही अट काळाला धरूनच आहे असे कुणालाही वाटावे. पण खेळाडूंनी ती तपासणी चुकवली आणि गेम 4 जीबीच्या मशीनवर चालला. पुढे पॅच आला आणि अट सैल झाली. मग त्याआधी 6 जीबी खरोखर आवश्यक होते का?

न्यायदर्शनाने कारणाचा विचार करताना या प्रश्नाच्या गाभ्यालाच हात घातला आहे. कार्याच्या आधी हजर असणे एवढ्याने एखादी गोष्ट कारण ठरत नाही. ती अन्यथासिद्ध, म्हणजे जिच्यावाचूनही कार्य घडले असते अशी, नसावी लागते. घट घडण्यापूर्वी माती वाहून आणणारे गाढव कुंभाराच्या दारात उभे असते, पण घटाला कारण माती, चाक, दंड आणि कुंभार. माती दुसऱ्या कशावरून आली असती तरी घट झालाच असता. नवा कन्सोल आला की पीसीच्या अटी वाढतात. त्या वाढीत माती किती आणि गाढव किती, हे न सांगता सगळे एकाच यादीत ‘किमान’ म्हणून छापणे मला असत्याच्या फार जवळचे वाटते, कारण त्या यादीवर विसंबून माणसे पैसे मोजतात.

माती असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. डिसेंबर 2024 मधल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ला हार्डवेअर रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करणारी ग्राफिक्स कार्डातली सोय, लागतेच. 2020 च्या कन्सोलमध्ये ती सोय असल्याने प्रकाशाची सगळी मांडणी तिच्यावर करता आली. जुन्या कार्डासाठी दुसरी वाट ठेवलेलीच नाही. ‘रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट’चे प्रकरण मात्र अधिक बोलके आहे. 2021 मध्ये तो प्लेस्टेशन 5 वर आला तेव्हा एका जगातून दुसऱ्या जगात क्षणात घेतलेली उडी ही त्या कन्सोलच्या सेकंदाला 5.5 जीबी वाचणाऱ्या एसएसडीची किमया म्हणून दाखवली गेली. 2023 मध्ये गेम पीसीवर आला, आणि किमान यादीत साधी हार्ड डिस्क होती. तिच्यावर उडी मध्येच अडखळते, पण पलीकडे पोचते. म्हणजे एसएसडी हे अखंड उडीचे कारण होते, खेळाचे नव्हे. कोणते कार्य साधायचे हे आधी कुणीतरी ठरवते, आणि मगच कशाची गरज आहे हे ठरते. लाखो घरांत एकसारखा असलेला कन्सोल हे ठरवण्याचे काम न बोलता करून टाकतो.

यावर निर्माते म्हणतील की हजारो प्रकारचे पीसी तपासणे अशक्य आहे. यादी म्हणजे आम्ही कशाची हमी देतो ते. हा आक्षेप वजनदार आहे आणि मला तो मान्यही आहे. पण हमीपुरतीच गोष्ट असेल तर पडद्यावर इशारा पुरतो, दार बंद करायचे कारण उरत नाही. जुन्या मशीनपायी कलेने थांबावे का, असाही प्रश्न येईल. मुळीच थांबू नये. 512 एमबीत कोंडलेली जगे मोकळी झाली हे चांगलेच झाले. राहता राहिले ‘शेवटी हा करमणुकीचाच विषय’ हे म्हणणे. चालते कार्ड भंगारात जाते आणि नव्यासाठी महिन्यांची बचत खर्ची पडते, तिथे ‘लागते’ आणि ‘आम्हाला सोयीचे आहे’ यांतला फरक करमणुकीपुरता राहत नाही.

‘ॲलन वेक 2’ ऑक्टोबर 2023 मध्ये आला तो मेश शेडर या नव्या कार्डांतल्या आकार रेखाटण्याच्या सोयीवर बेतलेला. जुन्या जीटीएक्स 10 मालिकेच्या कार्डांत ती नाही, त्यामुळे त्यांच्यावर गेम रखडत चाले. मार्च 2024 च्या अपडेटनंतर त्याच कार्डांवर तो बराच सुधारला. इथे लबाडी कुणाचीच नव्हती. तरी ऑक्टोबरातली मर्यादा कार्डाच्या घडणीइतकीच त्या दिवशीच्या कोडमधूनही आलेली होती, आणि तिच्यापुढे ‘आजवर आम्हाला एवढेच जमले’ असे लिहिले असते तर ते अधिक खरे ठरले असते.