प्रेमाची मजुरी कोण ठरवणार?



आज चिंतनासाठी संत नामदेवांचं एक पद घेतलंय. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यातलं हे सोरठ रागातलं. शेजारीण नामदेवांना विचारते, तुझं छप्पर कुणाकडून शाकारून घेतलंस? मला सांग, मी त्याला दुप्पट मजुरी देईन. नामदेव म्हणतात, तो कारागीर असा कुणाला देता येत नाही. तो सगळीकडे भरून राहिलाय, आणि मजुरी म्हणून प्रेम मागतो.

आपल्या डोक्यावर स्लॅब, त्यामुळे 'शाकारणं' म्हणजे काय ते आधी बघू. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर गवताची, पेंढ्याची छपरं शाकारतात. हत्यारं मोजून दोन-तीन. गवत कापायला विळा. बांबू तोडायला, चिरायला कोयता, तो कमरेच्या आकडीत अडकवलेला. बांधायला सुंभ. सुरुवात खालून, वळचणीपासून करायची आणि थरावर थर चढवत आढ्यापर्यंत जायचं. वरचा थर खालच्यावर आला पाहिजे, म्हणजे पाणी आत न शिरता घरंगळून जातं. उतार कमी पडला, गाठ सैल राहिली, की पहिल्याच मोठ्या पावसात कळतं.

हत्यार इतकं साधं असलं की बघणाऱ्याला वाटतं, यात काय आहे एवढं? कोयताच तर चालवायचाय! खरं तर उलटं आहे. हत्यार जितकं साधं, तितकं काम हातावर. पेंढी किती जाड, गाठ किती घट्ट, हे कोयता सांगत नाही. ते वर्षानुवर्षं छपरावर बसून हाताला कळतं.

आता माझा प्रश्न. देवाने प्रेमावर काम केलं, मग माणसानेही करावं का? उत्सवाचा मांडव घालणाऱ्याला, फुलांची आरास करणाऱ्याला आपण किती सहज म्हणतो, "दादा, देवाचं काम आहे, थोडं कमी करा ना." तोंडात भक्ती, पण वाचतो आपला खिसा.

मला वाटतं, पदात मजुरी काय हे काम करणारा ठरवतो, हे विसरता कामा नये. प्रेम पुरे असं देवाने म्हणावं, कारण त्याला संध्याकाळी तांदूळ विकत घ्यायचे नसतात. ज्याला घ्यायचे असतात, त्याच्या वतीने 'प्रेम पुरे' म्हणायचा हक्क आपल्याला कुणी दिला? स्वतःचा वेळ सेवेला द्यावा, हवा तेवढा. दुसऱ्याची मजुरी आपण अर्पण करू शकत नाही. ती शेजारीणसुद्धा मला आवडते. चांगलं काम ओळखून ती दुप्पट द्यायला निघाली होती!

मग पैसे चुकते केले की हिशोब संपला का? तेही नाही. आतली, कुणाला न दिसणारी गाठ कुणीतरी नीट बांधलेली असते, म्हणून भर पावसात घरातले कोरडे झोपतात. त्या काळजीचा दर कुठल्याच पावतीवर नसतो. प्रेम तिथे द्यायचं, मजुरी पूर्ण देऊन झाल्यावर.

आज एवढंच करूया. देवाच्या नावाने कुणाकडून काम करून घेतलं, तर दर त्याला विचारायचा. घासाघीस न करता द्यायचा. आणि त्याचं नावही विचारायचं.

राम कृष्ण हरी!