आधीं भाकर कीं पाटी?



युद्धानें उद्ध्वस्त झालेल्या देशांतील मुलांच्या शाळांकरितां कांहीं वर्गणी पाठवावी, असा विषय गेल्या महिन्यांत आमच्या मंडळीपुढें निघाला. तेव्हां विरारच्या पूर्वेकडील पाड्यांतले एक वृद्ध बंधु उभे राहून म्हणाले, “पाळकसाहेब, ज्या पोराच्या डोक्यावर छप्पर नाहीं, त्याला बाराखडी काय करायची? आधीं भाकर पाठवा. पाटीचें मागाहून पाहूं.”

हा प्रश्न कृपणाचा नव्हता. ज्यानें स्वतः उपास काढले आहेत त्याचा होता. आणि जगांतील मोठमोठ्या मदतसंस्थांचें मत बरींच वर्षें याहून फारसें निराळें नव्हतें, हें त्यांच्या जमाखर्चावरून दिसतें. युद्धाच्या व दुष्काळाच्या प्रसंगीं जी मदत सर्व राष्ट्रांतून गोळा होई, तींतील शंभर रुपयांपैकीं दोनतीन रुपयेच शाळेच्या वांट्यास येत. २०१६ सालीं इस्तंबूल येथील परिषदेंत संकटकाळच्या शिक्षणाकरितां निराळा निधि स्थापन झाला, त्याचें कारण हेंच होय.

परंतु या प्रश्नाचें उत्तर शोधावयास फार दूर जाण्याचें प्रयोजन नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत, कोल्हापुराजवळ वळिवडे या गांवीं, तें एकदां घडलेलें आहे.

१९३९ सालीं रशियानें पोलंडचा पूर्वभाग व्यापला आणि पुढील दोन वर्षांत तेथील असंख्य कुटुंबांस घरांतून उठवून सैबेरिया व कझाकस्तान यांकडे हांकून नेलें. थंडीनें, भुकेनें व रोगानें पुष्कळ मेले. १९४१ सालीं सुटका झाल्यावर उरल्यासुरल्यांतील कित्येक इराणच्या मार्गानें बाहेर पडले. जामनगरचे महाराज दिग्विजयसिंहजी यांनीं १९४२ सालीं बालाचडी येथें त्यांतील शेंकडों मुलांस आश्रय दिला. आणि १९४३ सालीं वळिवडे येथें सुमारें पांच हजार निर्वासितांची वसाहत वसली. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलें होतीं. आतां पाहा, भूक म्हणजे काय हें यांना कोणीं शिकवावयास नको होतें. तरी या लोकांनीं बराकींत बिऱ्हाड मांडतांच शाळा मांडल्या. प्राथमिक मांडल्या, माध्यमिकही मांडल्या. खर्च लंडनमध्यें असलेल्या त्यांच्या परागंदा सरकारचा, जमीन कोल्हापूरची. पण शिकविणारे त्यांच्यांतलेच, भाषा त्यांची, इतिहास व भूगोल त्यांच्या देशाचा. पंचगंगेच्या कांठीं बसून तीं मुलें आपल्या नद्यांचीं नांवें पाठ करीत असत.

आणि मग १९४५ सालच्या जुलईंत इंग्लंड व अमेरिका यांनीं त्या परागंदा सरकारची मान्यता काढून घेतली. वसाहतीचा भार पुढें संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संस्थेकडे गेला. पुष्कळांच्या घरांचा मुलुख रशियाकडेच राहिला. म्हणजे ज्या देशाकरितां मुलांना शिकविलें, त्या देशांतील आपल्या गांवीं परत जाण्याचा रस्ताच बुजला. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. कोणी इंग्लंडास गेले, कोणी ऑस्ट्रेलियास. त्या बराकींत फाळणीनें बेघर झालेले सिंधी बांधव येऊन राहिले व तेथें गांधीनगर झालें. त्या मुलांनीं मात्र म्हातारपणीं कोल्हापूरची वाट पुन्हा धरली आणि वॉर्सा शहरांत कोल्हापूरच्या नांवाचें स्मारक उभें राहिलें. २०२२ सालीं युक्रेनमधून लक्षावधि माणसें पोलंडांत आलीं, तेव्हां पोलंडच्या शाळांनीं त्यांच्या मुलांस आंत घेतलें. हें वळिवड्याचें फळ, असें मी म्हणणार नाहीं. असें जोडून दाखविण्याचा मोह आम्हां उपदेशकांस फार होतो.

मला वळिवड्यांतील दुसरीच गोष्ट अधिक टोंचते. तेथें पैसा दुसऱ्याचा होता, पण शाळा घेणाऱ्याची होती. आपलें तसें झालें होतें काय? १८९९–१९०० च्या दुष्काळांत अमेरिकेहून आगबोटीनें मका मुंबईस आला आणि मिशनांच्या अनाथगृहांत हजारों मुलें वाढलीं. माझी पणजी त्यांतलीच एक. तिला भाकर मिळाली, पाटी मिळाली, आणि पाटीबरोबर नवें नांव व नवा धर्मही मिळाला. तिच्या पाटीमुळेंच मी आज हें लिहीत आहें, व तिच्या विश्वासाबद्दल मला तिळमात्र संशय नाहीं. परंतु आठ वर्षांच्या भुकेल्या मुलीची संमति ही संमति म्हणावी काय, या प्रश्नास सेमिनरींत मला सरळ उत्तर मिळालें नाहीं, व पुढेंही मिळालें नाहीं. दृष्टांतांतील शोमरोन्यानें उतारशाळेच्या मालकाला दोन नाणीं देऊन जखमी माणसाची सोय लाविली. त्यास स्वतःच्या डोंगरावर उपासनेस ये, असें म्हटल्याचें कोठें नाहीं.

याच्या उलट बाजूचाही पेंच आहे. अफगाणिस्तानांत २०२१ च्या सप्टेंबरापासून सहाव्या इयत्तेपुढील मुलींना शाळा बंद आहे. अशा राज्यांतील शाळांना पैसा देणें म्हणजे अन्यायास हातभार लावणें होय, असें कांहीं म्हणतात. मला वाटतें, राज्यकर्त्यांच्या तिजोरींत एक पैही जाऊं नये. पण खेड्यांतल्या एखाद्या घरांत धाकट्या मुलींना बसवून शिकविणाऱ्या बाईचा पगार आपण हट्टानें थांबविला, तर शिक्षा तिला होते, त्यांना नाहीं. तिच्याकडे शिकणारी मुलगी सहावी संपवून कोठें जाईल, हें मला सांगतां येत नाहीं. वळिवड्याच्या मास्तरांनाही तें सांगतां आलें नसतें.

हें सर्व मीं त्या वृद्ध बंधूंस पाड्यावर जाऊन सांगितलें. ते बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनीं एवढेंच विचारलें, “त्या पोरांचा मास्तर त्यांच्यांतलाच होता ना?” मीं होय म्हटलें. “मग पैसे त्याच्या हातांत पडतात कीं नाहीं, तेवढें बघा,” असें म्हणून ते बैल सोडावयास उठले.

वर्गणीचा विषय येत्या रविवारीं पुन्हा निघेल.